चार कप्प्यांचा डबा

चारुलताआत्यानं आपल्या कॅमेऱ्याचं नाव ‘डबा’ ठेवलं, तेव्हा उर्जाला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. लोक आपापल्या कॅमेऱ्यांना कसली भारदस्त नावं देतात, आणि आपल्या घरचा कॅमेरा काय, तर डबा.

पण ती वर्षापूर्वीची उर्जा. शाळेत रेफेराट, म्हणजे वर्गासमोरचं भाषण, द्यायला फळ्यापाशी उभी राहिली की आधी तिचा आवाज खाली बसायचा आणि मग ती. आताची उर्जा अकरावीत होती, डब्याच्या सगळ्या व्हिडिओंमध्ये बोलणारी तीच होती, आणि ‘डबा म्हणजे काय गं?’ असं कुणी नुसतं विचारायचा अवकाश, ती त्या माणसाला जर्मनीतल्या बॉबलिंगेनच्या बसस्टॉपवर धरून पहिल्यापासून सगळं ऐकवायची. बस निघून जायची. माणूस मात्र थांबायचा, कारण गोष्टच तशी होती.

आत्या मूळची सांगलीची, उर्जाच्या बाबांची मोठी बहीण, आणि आता उर्जाच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहणारी. इंजिनिअर होऊन जर्मनीत आली, येन्स नावाच्या उंच आणि शांत माणसाशी लग्न केलं, आणि एका लहानशा कारखान्यात मशीनच्या भागांची ड्रॉइंग्ज करू लागली. येताना तिनं सांगलीहून एक स्टीलचा चार कप्प्यांचा डबा आणला होता. तळाला आमटी, तिच्यावर भाजी, त्यावर पोळ्या, सगळ्यात वर दही, आणि दोन्ही बाजूंना ओढून बसवायचे खटके. इतकी वर्षं तो डबा आत्याबरोबर कामाला जात होता, पण त्यातून आमटीचा थेंब कधी गळला नाही. फोटोंचं वेड आत्याला कॉलेजपासूनचं, तेही रोलवाल्या फोटोंचं. तर एक दिवस कारखान्याच्या कँटीनमध्ये जेवता जेवता तिच्या मनात आलं, की ज्यातून आमटी गळत नाही त्यातून उजेड तरी का गळावा?

त्या दिवशी आमटी तशीच गार झाली.

पुढची कित्येक वर्षं तिचे शनिवार-रविवार केलरमध्ये, म्हणजे घराच्या तळघरात गेले. आणि त्यातून जो कॅमेरा निघाला तो खरोखरच डबा होता. एका कप्प्यात लेन्स, दुसऱ्यात शटर, तिसऱ्यात रोल. बाजूला खटके. कपाटात धूळ खात पडलेली कुठल्याही कंपनीची जुनी लेन्स आणा, पुढची फक्त एक चकती बदला, बसली. शटर बिघडलं? तेवढाच कप्पा काढा, बाकीचा कॅमेरा ठणठणीत. आणि चौथा कप्पा रिकामा. ‘त्यात काय असतं?’ असं लोक विचारत, तेव्हा आत्या म्हणायची, “जे मला सुचलं नाही ते. तुम्ही भरा.” उर्जाला हे वाक्य इतकं आवडलं होतं की तिनं ते आपल्या शाळेच्या दप्तरावर लिहून टाकलं होतं.

वर आणखी कडी म्हणजे सगळी ड्रॉइंग्ज आत्यानं नेटवर फुकट ठेवली होती. स्क्रूच्या आट्यांपर्यंत.

“चारुताई, कुणी चोरलं म्हणजे?” सिद्धेशनं एकदा विचारलं होतं. सिद्धेश कायझर्सलाउटर्नला पीएचडी करत होता, शटरचं इलेक्ट्रॉनिक्स त्यानं केलेलं, आणि दर सुट्टीला तो आत्याच्या हातची आमटी खायला यायचा. शटर हे निमित्त.

“चोरायला काही ठेवलंय का मागे?” आत्या म्हणाली. “सगळं देऊनच टाकलंय की.”

आता कॅमेरा एक असून भागत नव्हतं. पुष्कळ बनवायचे तर साचे हवेत, साच्यांना पैसे हवेत, म्हणून इंटरनेटवर वर्गणी काढली होती. आपल्या गणपतीच्या वर्गणीसारखीच, फक्त जो वर्गणी देईल त्याला प्रसादाऐवजी कॅमेरा. आणि एक अट वेगळी. ठरलेल्या दिवसापर्यंत पूर्ण रक्कम जमली नाही, तर ज्याची त्याला परत. अर्धंमुर्धं काही नाही. तो दिवस म्हणजे येता रविवार, संध्याकाळ. मोहिमेच्या पानावरची हिरवी पट्टी पाऊण भरून चिखलात रुतलेल्या गाडीसारखी अडकली होती. ती भरली नाही, तर जगात डबा एकच राहणार होता, तळघरातल्या फळीवर.

“मग हा एक तर एक,” आत्या म्हणाली होती. “मी परत दारोदार फिरायची नाही.” हे तिनं हसून म्हटलं होतं, पण त्यानंतर तिनं फळीवरची धूळ दोनदा पुसली, ते उर्जानं बघितलं होतं.

पट्टी अडकायला कारण होतं. कुणीतरी दुसऱ्यानंच मागे असाच कॅमेरा बनवतो म्हणून पैसे गोळा केले होते आणि नुसती सुंदर चित्रं दाखवून गायब झाला होता. त्यात पैसे बुडून दुधानं तोंड पोळलेली मंडळी आता ताकापाशी उभी होती आणि फुंकत होती. त्यांच्यात एक ‘ग्राउकार्टे’ नावानं लिहिणारे गृहस्थ होते, लाइपझिगचे, रोलच्या फोटोग्राफीत उभा जन्म गेलेला. ते हो म्हणाले की बाकीचे हो म्हणत. त्यांनी लिहिलं होतं: निवडक फोटो मला नकोत. याच कॅमेऱ्यातून काढलेला आख्खा रोल दाखवा, न कापलेली पट्टी, पहिल्या फोटोपासून शेवटच्यापर्यंत. शनिवार संध्याकाळपर्यंत.

उर्जानं लगेच उत्तर ठोकून दिलं: ‘आनंदानं. शनिवारी पाच वाजता, लाइव्ह. जे असेल ते.’

आत्याला विचारायचं तेवढं राहिलं.

“बरं केलंस,” आत्या म्हणाली. “मी तेच लिहिलं असतं. फक्त चार दिवस विचार करून.”

शनिवारच्या आधी गुरुवारी दसरा आला. आत्याकडे दसऱ्याला हत्यारांची पूजा असायचीच. पाटावर व्हर्नियर, पक्कड, सोल्डरिंगची कांडी, शिवणयंत्राची कात्री, लॅपटॉप अशी सगळी बिऱ्हाडं ओळीनं बसायची. या वर्षी मधोमध डबा. आत्यानं त्याचे खटके उघडले आणि चारही कप्पे सुटे करून मांडले.

“जोडलेलाच ठेव ना, छान दिसतोय,” उर्जा म्हणाली.

“पूजा करायची तर सगळ्यांची. आतल्यांनी काय घोडं मारलंय?”

मग हळद, कुंकू, झेंडूऐवजी कुंडीतली शेवंती, आणि कुंकवात भिजवलेल्या लाल अक्षता. सगळ्यांनी चिमूट चिमूट वाहिल्या. आतोबा सोडून. आतोबा म्हणजे येन्स. आत्याच्या नवऱ्याला आतोबा म्हणायचं असतं हे सांगलीच्या आजोबांनी त्यांना समजावून सांगितल्यापासून त्यांना ते पद इतकं आवडलं होतं, की पोस्टाच्या पेटीवर ते लिहायचं का, असंही त्यांनी एकदा विचारलं होतं. तर आतोबांच्या गावात लग्नात नवरानवरीवर मुठीमुठीनं तांदूळ उधळतात. चिमटीनं देवावर तांदूळ टाकणं हा त्यांना कंजूषपणा वाटायचा. त्यांनी मूठ भरली आणि वरून सोडली.

“अहो,” आत्या म्हणाली. एरवी ती त्यांना नावानंच हाक मारायची. अहो फक्त रागावली की.

“आल्झो, म्हणजे कसं, वर्षातून एकदा तर असतं,” आतोबा म्हणाले आणि उरलेलेही टाकले.

शुक्रवारी जर्मनीभर सुट्टी होती. कॅमेरा झटकून पुसून परत जोडला, सिद्धेश आला, आमटी झाली. आणि शनिवारी सकाळी चौघं गाडीत बसून हायडेलबर्गला गेले, कारण पूल आणि किल्ला बघून कुणीही ओळखेल की फोटो घरातल्या भिंतीचे नाहीत.

पहिला फोटो आतोबांचा. त्या दिवशीचं वर्तमानपत्र छातीशी धरून ते पुलावर उभे राहिले, तारखेच्या पुराव्यासाठी.

“अपहरण झाल्यासारखे दिसताय,” सिद्धेश म्हणाला.

“गेनाऊ, अगदी बरोबर,” आतोबा म्हणाले. “सुटकेची रक्कम रविवारपर्यंत द्या.”

मग नदी, किल्ला, सायकलवरून पळणाऱ्या मुली, ब्रेझल खाताना तोंड वाकडं केलेला सिद्धेश. आत्या फोटो घाई न करता घ्यायची. डोळा लावायची, श्वास अर्धा सोडून थांबायची, आणि मगच बोट दाबायची. उर्जा बाजूला उभी राहून तिच्याकडे बघत होती. आत्याचा स्वेटर कोपराला विरलेला, केस वाऱ्यानं विस्कटलेले, आणि हातात स्वतःच्या डोक्यातून निघालेला कॅमेरा. उर्जाला वाटलं, आपल्या वर्गातल्या पोरींनी आत्ता इथून जावं. सगळ्यांनी.

घरी आल्यावर आत्या रोल धुवायला थेट तळघरात. काळ्या पिशवीत हात घालून, डोळे मिटून तिनं रोल चाकावर चढवला. मग रसायनं, मग पाणी. शेवटी ओली पट्टी तिनं कपड्यांच्या चिमट्यांनी दोरीवर लटकवली. सगळे श्वास धरून बघत राहिले. फोटो होते. सगळेच होते, स्वच्छ, एकसारख्या अंतरावर. उजेड कुठेही गळला नव्हता.

“गळली का कुठे आमटी?” सिद्धेश म्हणाला आणि टाळी द्यायला त्यानं हात पुढे केला.

उर्जानं टाळी दिली नाही. ती पट्टीच्या अगदी जवळ गेली होती.

“आत्या, ही रेघ कसली?”

आत्यानं भिंग लावून पाहिलं. एक बारीक, सरळ, नितळ रेघ. पहिल्या फोटोपासून शेवटच्या फोटोपर्यंत, एकाच उंचीवर. पट्टी वाळल्यावर कॉम्प्युटरवर चढवून, निगेटिव्ह उलटवून पाहिलं तर आणखीच स्पष्ट. हायडेलबर्गच्या प्रत्येक आकाशातून विजेची तार गेल्यासारखी काळी रेघ जात होती. अपहरण झालेल्या आतोबांच्या तर बरोबर कपाळावरून.

सिद्धेशनं खुर्ची ओढली आणि माउस हातात घेतला.

“दहा मिनिटांचं काम आहे,” तो म्हणाला. “सॉफ्टवेअरनं पुसतो. सगळेच पुसतात, चारुताई. धूळ पुसतात, ओरखडे पुसतात. यात खोटं काय आहे?”

“त्यांनी पट्टी मागितलीय,” उर्जा म्हणाली. “पट्टीवरची कशी पुसशील?”

“पट्टी लांबून दाखवायची. व्हिडिओत रेघ दिसणार पण नाही. मॅनेजरबाई, तुमचं वय काय, बोलताय काय. उद्या हिरवी पट्टी भरली नाही तर ताईंची एवढ्या वर्षांची मेहनत फळीवर जाईल. एका रेघेपायी.”

सिद्धेशदादा वाईट माणूस नव्हता. तो म्हणत होता ते तिला पटत नव्हतं, पण खोडूनही काढता येत नव्हतं. ‘जे असेल ते’ असं तिनंच सगळ्या जगाला लिहून दिलं होतं, आणि पाच वाजायला फार वेळ उरला नव्हता. तिनं आत्याकडे पाहिलं.

आत्या या दोघांचं ऐकतच नव्हती. ती रेघेकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती. कुतूहल होतं. शेजारच्यांकडे नवीन पाहुणा आल्यावर असतं तसं.

“सगळ्या फोटोंत एकाच जागी,” ती स्वतःशी म्हणाली. “म्हणजे रोल पुढे सरकताना काहीतरी एका जागी बसून ओरबाडतंय. आणि लेन्समधून चित्र उलटं पडतं. रेघ आकाशात, म्हणजे चोर खाली.” तिनं कॅमेऱ्याकडे हात नेला. उघडणार तोच थांबली. मग मान वर करून म्हणाली, “उर्जा, लाइव्ह किती वाजता?”

“पाचला.”

“मग आत्ता नाही उघडत. लोकांसमोरच उघडू.”

“चारुताई,” सिद्धेश खुर्चीवरून उठलाच. “आत काय आहे ते आपल्यालाच माहीत नाही. कॅमेऱ्याचाच दोष निघाला तर?”

“तर तो त्यांना कळायला नको? त्यांच्याच पैशानं बनणार आहेत ना हे?” आत्या म्हणाली. “ड्रॉइंग उघडी ठेवायची आणि दोष झाकायचा, असं कसं चालेल रे. जा, कॉफी टाक.”

पाच वाजता जवळजवळ चारशे माणसं बघत होती. तळघरातल्या टेबलावर दिवा, मध्ये डबा, मागे दोरीवर लटकलेली पट्टी. उर्जा जर्मनमध्ये बोलायला लागली. पहिलं वाक्य म्हणताना तिचा आवाज वर्गातल्यासारखा खाली बसायला लागला. तिनं पट्टी हातात धरली, व्हिडिओच्या कॅमेऱ्याच्या अगदी जवळ नेली आणि म्हणाली, “हा आख्खा रोल. सगळे फोटो आले आहेत. आणि सगळ्यांवर एक रेघ आहे. कशामुळे, ते आम्हाला अजून माहीत नाही. आता तुमच्याबरोबरच बघणार आहोत.”

आवाज कधी वर आला, तिला कळलंही नाही.

मग आत्या पुढे झाली. तिची जर्मन बिनचूक होती, पण तिला सांगलीचा हेल होता आणि तो लपवायची तसदी तिनं कधी घेतली नव्हती. तिनं खटके उघडले. टक, टक. कप्पे सुटे झाले. स्क्रू काढायला तिनं खिशातून एक नाणं काढलं, दुसरं काही लागलंच नाही. रोलचा कप्पा दिव्याखाली धरला. बोटांनी कडा चाचपत चाचपत ती खालच्या बाजूला आली आणि थांबली. चिमटा घेतला. ज्या दोन रुळांमधून फिल्म सरकते, त्यांच्या खाचेत काहीतरी घट्ट चिकटलं होतं. तिनं ते हळूच सोडवलं आणि पांढऱ्या कागदावर ठेवलं.

तांदळाची कणी होती. लाल.

सिद्धेशनं कपाळावर हात मारला. आतोबांनी हळूच दाराच्या दिशेनं पाऊल टाकलं.

“रबरी फुग्याची हवा मारून फुंकलं होतं की मी,” आत्या म्हणाली. “ओल्या कुंकवानं चिकटून वाळलीय. फुंकून कशी जाणार?”

पानावर प्रश्नांची रांग लागली. ते काय आहे? प्लॅस्टिकचा तुकडा? गंज? आत्यानं उर्जाकडे पाहिलं. हे सांगायचं काम तिचं होतं.

सहावीत असताना दसऱ्याचं कुंकू कपाळाला तसंच राहिलेली उर्जा शाळेत गेली होती, आणि कुणी विचारलं तेव्हा तिनं ‘फिल्टष्टिफ्ट’, म्हणजे स्केचपेन लागलं, असं सांगून टाकलं होतं. ते तिला आत्ता आठवलं. तिनं कणी कागदासकट उचलली.

“हा तांदूळ आहे,” ती म्हणाली. “परवा आमचा सण होता. त्या दिवशी आम्ही आपापल्या हत्यारांची पूजा करतो. ज्यांच्यामुळे वर्षभर काम झालं त्यांना नमस्कार करतो, त्यांच्यावर हे लाल तांदूळ वाहतो. या कॅमेऱ्याचीही केली. कप्पे सुटे करून, कारण माझी आत्या म्हणाली की आतल्यांचाही मान आहे. त्यातला एक तुकडा आत राहिला.”

“चिमूटभर वाहायचे असतात,” आत्यानं शांतपणे भर घातली.

मागून एक उंच हात वर झाला. “मी,” आतोबा म्हणाले. “मी मूठभर टाकले. सॉरी.”

“पण चूक येन्सची नाही,” आत्या म्हणाली, “आणि तांदळाचीही नाही. डबा लावलेला असतो तेव्हा वरचा कप्पा खालच्याचं झाकण होतो. सुटा केला की तोंड उघडं. आज तांदूळ गेला, उद्या वाळू जाईल, कुत्र्याचा केस जाईल. सुट्या कप्प्याला स्वतःचं झाकण हवं होतं. ते मी आखलं नाही, मला सुचलंच नाही. ही माझ्या ड्रॉइंगमधली चूक आहे, आणि ती तुम्ही आज पाहिलीत. झाकण मी आखीन. कुणाला आधी सुचलं तर त्यांनी आखावं.”

एवढं बोलून तिनं कप्पे परत लावले, खटके ओढले आणि उर्जाला म्हणाली, “बंद कर आता. भूक लागलीय.”

जेवताना कुणाचं जेवणात लक्ष नव्हतं. हिरवी पट्टी पुढे जायच्या ऐवजी थोडी मागे आली होती. काहींनी वर्गणी काढून घेतली होती. एकानं लिहिलं होतं, तांदळानं हरणारा कॅमेरा घेऊन मी काय करू? उर्जानं तो शेरा वाचला आणि हातातली पोळी ताटात ठेवली. आपल्या ‘जे असेल ते’नं आत्याचा डबा बुडाला, असं तिला वाटायला लागलं.

“आत्या, मी विचारून लिहायला हवं होतं.”

“आमटी घे,” आत्या म्हणाली. “आणि मान वर करून घे. तू आज जे बोललीस ना, ते मला या भाषेत इतकी वर्षं राहून सांगता आलं नव्हतं. माझ्या ऑफिसात अजून वाटतं की मी दसऱ्याला कॉम्प्युटरवर मसाला टाकते.”

सिद्धेशला ठसका लागला. उर्जा हसली, आणि तिनं पोळी परत उचलली.

रविवारी सकाळी ती आत्याकडे आली तेव्हा सिद्धेश स्वयंपाकघरात लॅपटॉपसमोर बसला होता आणि त्याचा चहा तसाच पडला होता.

“वाच,” तो म्हणाला. “ग्राउकार्टे.”

उर्जानं वाचलं. ‘आजवर माझ्या तीन कॅमेऱ्यांच्या रोलवर रेघा आल्या. दर वेळी कॅमेरा महिनाभर दुकानात जाऊन आला आणि रेघ कशामुळे होती ते मला कुणी सांगितलं नाही. काल ते मला बसल्या जागी कळलं, तेही दुसऱ्याच्या कॅमेऱ्यातलं. बाईंनी नाण्यानं कॅमेरा उघडला. मी एक नाही, दोन कॅमेऱ्यांची वर्गणी देतो आहे.’

“खाली पण बघ,” सिद्धेश म्हणाला.

खाली फिनलंडमधल्या टाम्पेरेहून एका बाईनं फोटो टाकला होता. नाव आयला. सिद्धेशनं ते नाव तीनदा मोठ्यांदा वाचलं आणि तिन्ही वेळा आत्यानं त्याच्याकडे रोखून पाहिलं. तर या आयलाबाईंनी लाइव्ह संपल्यावर आत्याची ड्रॉइंग्ज उतरवून घेतली होती, सुट्या कप्प्याच्या तोंडावर बसेल असं पातळ काळं झाकण आखलं होतं आणि घरच्या थ्री-डी प्रिंटरवर छापूनही टाकलं होतं. ड्रॉइंग सोबत जोडलेलं, सगळ्यांसाठी उघडं. खाली एका पोर्तुगीज मुलानं त्याला बोटानं उघडायला खाच सुचवली होती. त्याच्याखाली आणखी कुणी, आणखी कुणी. ज्यांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं, ती माणसं रविवारी सकाळी उठून सांगलीच्या डब्याला झाकण बसवत होती.

उर्जाच्या अंगावर काटा आला. दप्तरावर लिहिलेलं वाक्य तिला आज पहिल्यांदा पूर्ण समजलं.

आत्यानं आयलाबाईंचं झाकण आपल्या तसल्याच प्रिंटरवर छापायला लावलं. ते तयार झालं तसे सगळे बॉबलिंगेनच्या तळ्यावर गेले आणि तिथे दुसरा रोल काढला. बदकं, कारंजं, बाकावरचे म्हातारे, परत एकदा वर्तमानपत्र धरलेले आतोबा. रोल धुतला, दोरीवर लटकवला. उर्जा भिंग घेऊन एकेका फोटोवरून फिरली. आकाश आकाशासारखं होतं. रेघ नव्हती. तिनं दोन्ही पट्ट्यांचा एकत्र फोटो काढला, रेघेची आणि बिनरेघेची, मध्ये कागदावर ती लाल कणी, आणि पानावर चढवला. खाली काही लिहिलं नाही. लिहायला बोटं शिवशिवत होती, पण नाही लिहिलं.

दुपारभर हिरवी पट्टी हलत राहिली. आधी कणाकणानं, मग ढांगा टाकत. सिद्धेशनं बघायचं नाही असं ठरवलं आणि दर थोड्या वेळानं ‘किती?’ विचारत राहिला. आतोबांनी घाबरून भांडी घासायला घेतली, स्वच्छ असलेलीसुद्धा. अंधारून यायला लागलं आणि पट्टी शेवटच्या टोकाला टेकली. टेकली, आणि पलीकडे गेली. सिद्धेश खुर्चीवर चढला. आतोबांनी ओल्या हातांनी त्याला मिठी मारली.

“आत्या कुठेय?” उर्जा म्हणाली.

“खाली,” आतोबा म्हणाले. “केव्हाची.”

उर्जा दोन दोन पायऱ्या टाकत तळघरात उतरली. तोंडात शब्द तयारच होते, फुटायच्या बेतात. आत्या दिव्याखाली वाकून बसली होती. डाव्या हातात आयलाबाईंचं झाकण, उजव्यात व्हर्नियर, कपाळावर सकाळचं पुसट कुंकू. तिनं वर न बघता एक बोट उचललं. थांब.

दोन सेकंद गप्प बसणं ज्या मुलीला कधी जमलं नव्हतं, ती उर्जा थांबली. आत्यानं झाकणाची कड मापली. परत मापली. मग आपल्या ड्रॉइंगवर नजर टाकली आणि मान हलवली, मोठ्या गवयाची जागा ऐकून हलवतात तशी.

“मी कड जाड ठेवली असती,” ती म्हणाली. “हिनं पातळ ठेवलीय. हिचंच बरोबर आहे.” मग तिनं मान वर केली. “हं. बोल आता.”

“भरली,” उर्जा म्हणाली.

आत्यानं चष्मा काढला. पुसला. पुसायला लागला त्यापेक्षा जास्त वेळ पुसला. मग फळीवरचा डबा खाली घेतला, खटके उघडले, आणि त्याच्या रोलच्या कप्प्यावर ते काळं झाकण दाबून बसवलं. टक.

दारात आतोबा येऊन उभे राहिले होते. “आल्झो,” ते जपून म्हणाले, “पुढच्या दसऱ्याला मग कशी करायची पूजा?”

“झाकणं लावून,” आत्या म्हणाली.

“आणि तांदूळ?”

आत्यानं उर्जाकडे पाहिलं, मग आतोबांकडे.

“चिमूटभर, अहो,” ती म्हणाली. या वेळी ती रागावलेली नव्हती.